ती दोन पत्रं त्यांचीच आहेत

ताई, सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९७१च्या लढाईत पूर्व आघाडीवर गेले ते परत आले नाहीत. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. काकी त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरी राहिल्या, मग माहेरी गेल्या आणि पुढे त्यांचं दुसरं लग्न झालं. आता त्या डिचोलीला असतात. यजमान आहेत, मुलं-नातवंडं आहेत. आमच्या घरात त्यांचं नाव कुणी काढत नाही.

यंदा माळा साफ करताना आजेसासूंच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, पत्रांचा जुडगा सापडला. बरीचशी आजेसासूंच्या नावाची. काही सासऱ्यांच्या नावाची, पण त्यांच्या शाळेच्या पत्त्यावर आलेली. आणि दोन इनलँड काकींच्या नावाची, न फोडलेली. सासरे म्हणाले, ती दोन्ही आप्पा गेल्याच्या तारेनंतर आली. तार इंग्रजीत होती आणि घरात इंग्रजी वाचणारे तेच, सोळा वर्षांचे. त्यांनीच ती वाचून सांगितली. नंतर ही पत्रं आली तेव्हा आजेसासूंनी ती पोस्टमनच्या हातून घेतली, कमरेला खोचली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाहीत.

मला वाटतं, ती काकींना द्यावीत. सासरे म्हणतात, जुनी मढी उकरू नका, तिच्या भरल्या घरात विस्तव नको. माझे यजमान म्हणतात, आधी आपण फोडून बघू, त्रास होण्यासारखं काही नसलं तर देऊ. पुतण्याला सगळी पत्रं स्कॅन करून १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, फेसबुकवर टाकायची आहेत.

आणखी एक. आजेसासूंच्या प्रत्येक पत्रात 'मी खुशाल आहे'. सासऱ्यांच्या पत्रांत मात्र 'इथे पाऊस थांबत नाही, रात्रभर छप्पर गळतं' असं दोनदा लिहिलंय. पत्रं नोव्हेंबर-डिसेंबरची. तेव्हा कसला पाऊस? सासऱ्यांना विचारलं तर ते उठून बाहेर गेले.

— सत्तरीतली एक सून

*

ती दोन पत्रं फोडू नका. सगळ्यात आधी हेच सांगते, कारण तुमचे यजमान चांगल्या हेतूनेच, पण एखाद्या संध्याकाळी 'बघूया तरी' म्हणून ब्लेड हातात घेतील आणि मग बोलण्यासारखं काही उरणार नाही. त्रास होण्यासारखं आत काही आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवणार? बावीस वर्षांच्या नवऱ्याने एकोणीस-वीस वर्षांच्या बायकोला लढाईच्या तोंडावरून लिहिलेलं पत्र आहे ते. त्यातली कुठली ओळ त्यांना सलेल आणि कुठली पन्नास वर्षांनी हायसं वाटायला लावेल, हे फक्त त्यांनाच कळणार.

आणि एक गोष्ट तुमच्या घरातल्या कुणाच्या ध्यानात आली आहे की नाही, मला माहीत नाही. आजेसासूंना आलेली पत्रं कशी वाचली जात असतील, आठवून बघा. पोस्टमन आला की सगळे सोप्यावर जमायचे आणि धाकटा मुलगा मोठ्याने वाचायचा. शेजारचे दोघे-चौघेही ऐकायला यायचे. आप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती पत्रं त्यांनी सगळ्या सोप्यासाठी लिहिली: 'तीर्थरूप आईच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. मी इकडे खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी.' पण काकींचं तसं नव्हतं. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. खेड्यातल्या मुली मोठ्या संख्येने पाटी घेऊन बसल्या त्या तेव्हाच. काकी त्यांतल्याच असणार. म्हणजे तुमच्या घरात आलेलं पत्र दुसऱ्या कुणाच्या तोंडून न ऐकता स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शकणारी ती बहुधा पहिली बाई. आप्पांनी त्यांना वेगळं इनलँड, त्यांच्या नावाने, एकदा नव्हे दोनदा पाठवलं, ते मध्ये कुणी असू नये म्हणूनच. आता पन्नास वर्षांनी तुम्ही मध्ये बसू नका.

आजेसासूंना मी दोष देणार नाही, तुम्हीही देऊ नका. तार पुढे आणि पत्र मागे, असं लढाईत कितीतरी घरांत झालं आहे. आघाडीवरचं पत्र आधी फील्ड पोस्ट ऑफिसात जातं, तिथून सैन्याच्या मोठ्या टपाल तळावर, मग नेहमीच्या टपालात, आणि तेव्हा कुठे सत्तरीतल्या गावात. तार त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी पोचायची. मुलगा गेल्याचं कळल्यावर त्याच्या हातचं पत्र आलं तर आई ते कमरेला खोचणार नाही तर काय करणार? पुढे सून गेली. त्या काळचा नियमही आठवा. लढाईत गेलेल्या जवानाच्या बायकोने दुसरं लग्न केलं की तिची पेन्शन थांबायची, आणि नवऱ्याच्या भावाशीच केलं तर चालू राहायची. कितीतरी घरांत या एका नियमाने बायकांवर दडपण आणलं आणि नात्यांत अढी पाडली. तुमच्या घरात तेव्हा एकच दीर होता, शाळेत जाणारा. काय बोलणी झाली असतील, कोण कुणाला काय म्हणालं असेल, ते उकरू नका. पण सासरे त्या बाईंचं नाव निघालं की का आक्रसतात, याचा विचार करताना हे मनात असू द्या.

तरीही आजेसासूंनी ती पत्रं ठेवली ती दुःखापोटी. आज तुम्हाला ती आहेत हे माहीत आहे, त्यांवर कुणाचं नाव आहे हेही माहीत आहे, आणि त्या बाई डिचोलीत हयात आहेत. आता ती ट्रंकेत परत ठेवलीत तर ते लपवणं होईल.

तुमच्या सासऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. भरल्या घरात जाऊन सगळ्यांदेखत जुडगा पुढे करणं हा अन्याय होईल. म्हणून पत्रं घेऊन जाऊ नका, आधी फक्त निरोप घेऊन जा. तुम्ही एकट्या जा, यजमानांना किंवा पुतण्याला बरोबर नेऊ नका. आधी फोन करा, 'सत्तरीहून अमक्या घरची सून बोलते, तुम्हाला एकदा भेटायचं आहे, तुम्ही सांगाल तिथे येते' एवढंच सांगा. त्यांना घरी नको वाटलं तर देवळात भेटा, बाजारात भेटा. भेटल्यावर फार प्रस्तावना करू नका. 'तुमच्या नावाची आप्पांची दोन पत्रं आमच्याकडे आहेत. तेव्हा तुम्हाला द्यायची राहिली. आम्ही कुणी ती फोडलेली नाहीत. तुम्हाला हवी असली तर आणून देते, नको असली तर तशीच ठेवते, काय करायचं ते तुम्ही सांगा.' एवढंच, आणि मग गप्प राहा. त्या रागावतील कदाचित, पन्नास वर्षं का लावलीत म्हणून. रागावू द्या. आजेसासूंची बाजू मांडत बसू नका, त्यांनी विचारलं तरच सांगा. त्यांनी यजमानांना सांगायचं की नाही, मुलांना सांगायचं की नाही, हाही सर्वस्वी त्यांचा प्रश्न. लगेच उत्तर मागू नका. फोन नंबर देऊन या.

त्या म्हणाल्या 'नको', तर नको. म्हणाल्या 'जाळून टाक', तर ते करायचा हक्क त्यांना आहे, आणि मनाला कितीही लागलं तरी ते त्यांच्यासमोर करा. पण म्हणाल्या, 'माझे डोळे आता चालत नाहीत, तूच वाचून दाखव', तर आधी मनात वाचून घेऊन गाळून सांगू नका. जसं आहे तसं, हळू, शेवटच्या सहीपर्यंत वाचा.

फोडण्याबद्दलही सांगते, कारण इथे घाई केली तर ज्याच्यासाठी एवढं केलं तेच हातात यायचं नाही. इनलँडच्या कडांना डिंक असतो, आणि जागा पुरली नाही की माणसं दुमडणाऱ्या पट्टीवर, समासात, आडवं-उभं लिहितात. शेवटचं, सगळ्यात जवळचं वाक्य अनेकदा त्या पट्टीखाली असतं. आपल्याकडच्या पन्नास पावसाळ्यांत तो डिंक पाझरून अक्षरांवर बसलेला असू शकतो. म्हणून वाफ अजिबात देऊ नका. वाफेने शाई पसरते, आणि आप्पांनी ती ओली केली की जांभळी उमटणारी पेन्सिल वापरली असेल तर सगळा मजकूर एक जांभळा डाग होईल. पातळ, धार नसलेली सुरी घडीच्या बाजूने सावकाश सरकवा. जराही अडलं तर थांबा आणि पणजीत पुराभिलेख खात्यात विचारा. तिथे पोर्तुगीज काळापासूनचे कागद सांभाळतात, असे चिकटलेले कागद त्यांना नवे नाहीत.

आता पावसाचं.

तुमच्या सासऱ्यांना आलेल्या पत्रांतला पाऊस हा पाऊस नाही, असं मला वाटतं. बंगालात नोव्हेंबर-डिसेंबर हे कोरडे महिने. आणि लढाई कागदोपत्री ३ डिसेंबरला सुरू झाली तरी पूर्वेच्या सीमेवर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच चकमकी पेटल्या होत्या. गरीबपूरची रणगाड्यांची लढाई २१ नोव्हेंबरची. म्हणजे पत्रावर नोव्हेंबरची तारीख असली तरी तोफगोळे पडत होतेच. कुठे आहोत, पलटण कुठे निघाली, काय चाललंय, हे लिहायची मनाई असते, त्यामुळे जवान घरातल्याच शब्दांत सांगतो. हे आजचंही नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी सैनिकांची पत्रं तपासायला इंग्रजांनी १९१४च्या अखेरीस खास सेन्सॉर बसवला होता. तेव्हा शिपाई घरी लिहायचे, काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरताहेत. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरलाही ते कळायचं. त्या हजारो पत्रांतली बहुतेक मूळ पत्रं घराघरांतून नाहीशी झाली. उरले आहेत ते सेन्सॉरने इंग्रजीत उतरवून घेतलेले तुकडे, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. आपल्याच माणसांचं बोलणं आपल्याला परक्या तपासनिसाच्या वहीतून वाचावं लागतं. तुमच्याकडे मूळ कागद आहेत, त्याच हातचे.

तर आप्पांनी आईला लिहिलं, खुशाल आहे. आणि भावाला, शाळेच्या पत्त्यावर, आईच्या हाती पडणार नाही अशा बेताने लिहिलं की रात्रभर छप्पर गळतं. सोळा वर्षांच्या मुलाला ते कळलं असणार. दुपारी शाळेत त्याने ते वाचलं असेल आणि संध्याकाळी सोप्यावर बसून आईला 'खुशाल आहे' हे मोठ्याने वाचून दाखवलं असेल. मग एक दिवस तारही त्यालाच वाचावी लागली. तुम्ही 'डिसेंबरात कसला पाऊस' विचारलंत तेव्हा ते उठून गेले, यात मला काही नवल वाटत नाही. घरात खरं काय ते माहीत असलेले ते एकटेच होते. 'जुनी मढी उकरू नका' हे काकींच्या काळजीने म्हणत असतील, पण त्यात त्यांचं स्वतःचंही बरंच आहे.

म्हणून काकींच्या दोन पत्रांचा प्रश्न आणि सासऱ्यांच्या पत्रांचा प्रश्न वेगवेगळे ठेवा. काकींची काकींना द्यायची, त्याला सासऱ्यांची परवानगी लागत नाही. पण त्यांच्या पाठीमागे काही करू नका, जाण्याआधी त्यांना सांगून जा. 'बाबा, ती पत्रं माझीही नाहीत आणि तुमचीही नाहीत, मी त्यांना फक्त विचारून येते' असं म्हणा. आणि शाळेच्या पत्त्यावर आलेली पत्रं ही त्यांची स्वतःची. ती त्यांच्या हातात नेऊन द्या. वाचली असली तर वाचली असं सांगा आणि पुढे काही विचारू नका. त्यांनी ती कपाटात ठेवली तरी चालेल, उशाशी ठेवली तरी चालेल.

सासऱ्यांना बोलतं करायचं असेल तर आईला आलेल्या पत्रांपासून सुरुवात करा, ती सगळ्यांचीच आहेत. त्यांत लढाई नसेल, पण घर असेल. यंदा गणपतीवर माटोळी कुणी बांधली, पोफळीच्या कुळागराला शिंपणं सुरू झालं का, गाय व्याली का, दिवाळीला फोव, म्हणजे पोहे, केलेत का, अमक्याचे पैसे परत केलेत का. हे किरकोळ वाटतं, पण खंदकात बसलेल्या मुलाचं लक्ष कुठे होतं ते त्यातूनच कळतं. सासऱ्यांना विचारा, हा अमका कोण, ही गाय कुठली. हे ते सांगतील, आनंदाने सांगतील. आणि आपल्याकडे बोलायची कोकणी असली तरी पत्र लिहायचं ते मराठीत, शाळेत शिकवलेल्या मायन्यासकट. ते वाचताना जिथे मध्येच एखादं वाक्य घरच्या कोकणीत उतरलं असेल, 'आई, तूं रडूं नाका गो' असं काही, तिथे थांबा. तिथे मायना लिहिणारा शिपाई बाजूला होऊन मुलगा बोलत असतो.

कागद सांभाळायचं थोडक्यात सांगते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आपल्या हवेत आत घाम धरतो आणि बुरशी येते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप नको. टाचण्या, पिना असतील तर काढून टाका, गंज कागद खातो. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. चांगल्या, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात एकेक पत्र सपाट ठेवा, डबा जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. कसर आणि वाळवीसाठी वर्षातून दोनदा उघडून बघा, एकदा पावसाआधी आणि एकदा चवथीनंतर. फोटो काढायचे ते खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता. दोन्ही बाजूंचे काढा, पत्त्याच्या बाजूसकट, कारण अर्धी माहिती तिथेच असते.

तारीख नसलेली पत्रं लावायलाही ती बाजू उपयोगी पडते. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला, त्यामुळे आप्पांच्या पत्रांवर तो असणार नाही. असला तर ते पत्र दुसऱ्या कुणाचं. घरून आप्पांना गेलेली आणि त्यांच्या सामानाबरोबर परत आलेली पत्रं जुडग्यात असतील, आणि त्यांवर 'शरणार्थी सहायता' छापलेलं ५ पैशांचं जादा तिकीट असेल, तर ते १५ नोव्हेंबर १९७१ किंवा त्यानंतरचं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी तेव्हा टपालावर हा कर होता. फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असेल तर त्यात गावाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. तो आकडा जपून लिहून ठेवा.

पुतण्याला नाराज करू नका. या वयाच्या मुलाला घरातल्या शिपायाबद्दल एवढं वाटतं ही चांगलीच गोष्ट आहे. पण फेसबुकवर नको, निदान आता नको. पत्राचा कागद ज्याला पाठवला त्याचा असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांकडे जातो. म्हणजे ते छापण्याआधी काकींनाही विचारायला हवं, आणि सासऱ्यांना तर हवंच. कायदा बाजूला ठेवला तरी, काकींच्या नातवाने एका सकाळी फोन उघडावा आणि आजीच्या पहिल्या नवऱ्याचं अक्षर तिथे दिसावं, हे होता कामा नये. त्याला त्याऐवजी दुसरं काम द्या. आप्पांचा सेवा क्रमांक कुठल्यातरी पत्राच्या मागे, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात असेल. तो घेऊन त्याने बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड्स कचेरीला रीतसर अर्ज करावा, सासऱ्यांच्या सहीने. कुठली बटालियन, कुठल्या ठिकाणी, कुठल्या तारखेला, एवढं विचारावं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावं दगडावर कोरली आहेत. तिथे आप्पांचं नाव कुठे आहे ते शोधावं, आणि स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्तीसाठी लिहावं. फील्ड पोस्ट ऑफिसचे आकडे, तारखा आणि बटालियनच्या हालचाली जुळवत बसायला त्याला सहा महिने पुरणार नाहीत.

डिचोलीला जाण्यासाठी मात्र १६ डिसेंबरची वाट बघू नका. काकींनी वयाची सत्तरी ओलांडली आहे. या आठवड्यात फोन करा.